आंब्याची फांदी म्हणजे क्रेन नव्हे

"क्रेन कशाला हवी? अंगणातल्या आंब्याला चेनपुली बांधा, गाडी खाली ढकला, इंजिन बसलंच म्हणून समजा." रत्नागिरीपासून मालवणपर्यंत वाडीवाडीत हे ऐकायला मिळतं. कृपा करून यावर विसंबू नका.

फांदी वरून हिरवीगार दिसते, पण भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागलं असेल तर आतून पोकळ असते. खोडाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर ती फांदी वजनासाठी बाद. शिवाय इंजिन हिसक्याने खाली आलं की क्षणभर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण बसतो.

दोराचंही तसंच. इंजिनाला दोन बाजूंनी बांधलेल्या दोरांमधला कोन १२० अंश झाला, की प्रत्येक दोरावर पूर्ण इंजिनाएवढा ताण येतो. म्हणून हुक उंच ठेवा, कोन ६० अंशांच्या आत.

सगळ्यात भीती वाटते ती गाडीखाली टेकू म्हणून लावलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. जांभा सच्छिद्र असतो, जॅकच्या टोकाखाली अचानक फुटतो. चिऱ्यांवर टेकवलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, लोखंडी स्टँडच हवेत.

क्रेनशिवाय काम होतं, पण वेगळ्या रीतीने. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या बऱ्याच गाड्यांत इंजिन गिअरबॉक्ससकट खालून चढवता येतं. फक्त इंजिन बसवत असाल, तर गिअरबॉक्सशी शेवटची फट हाताने मिटली पाहिजे. ती बोल्टने आवळून मिटवली, तर बोल्ट बसतो तो ॲल्युमिनियमचा कान तुटतो.