चलनसंघातील सामाईक बँक-पर्यवेक्षण

एकच चलन वापरणाऱ्या अनेक देशांनी आपल्या बँकांवर देखरेख करण्याचे अधिकार एका सामाईक संस्थेकडे सोपवण्याची व्यवस्था. परवाना देणे व काढून घेणे, भांडवल पुरेसे आहे का ते पाहणे, थकीत कर्जांसाठी तरतूद करायला लावणे, संचालकांची पात्रता तपासणे, वेळ आलीच तर व्यवहारांवर निर्बंध घालणे ही कामे तिच्यात येतात. युरो क्षेत्रात ४ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेली व्यवस्था सर्वांत परिचित असली, तरी ती पहिली नव्हे. सीएफए फ्रँक वापरणाऱ्या पश्चिम आफ्रिकेतील देशांनी आणि मध्य आफ्रिकेतील सहा देशांनी १९९० मध्येच करार करून आपापले सामाईक बँकिंग आयोग नेमले होते.

युरोपात चलन आधी आले आणि देखरेख बऱ्याच वर्षांनी. सामाईक चलनाचा पाया घालणाऱ्या १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने बँकांची देखरेख देशोदेशीच ठेवली. पुढेमागे ती मध्यवर्ती बँकेकडे देता यावी एवढी एक वाट मात्र कलमात राखली. १९९९ मध्ये युरो आला, बँका सीमा ओलांडून कर्जे देऊ लागल्या, पण त्यांच्यावर नजर ठेवणारे अधिकारी आपल्याच देशापुरते पाहत राहिले. आपल्या देशातली मोठी बँक अडचणीत आहे हे जगजाहीर करण्याची घाई कोणत्याच राष्ट्रीय पर्यवेक्षकाला नसते. शिवाय देशी बँकांकडे त्याच देशाच्या सरकारचे रोखे भरपूर असतात. बँक बुडू लागली की सरकार तिला वाचवताना कर्जात जाते, सरकारची पत घसरली की रोख्यांची किंमत पडते आणि बँक आणखी खोलात जाते. आयर्लंडने २००८ मध्ये बँकांच्या देण्यांची हमी घेतली आणि २०१० मध्ये त्या देशालाच ८५ अब्ज युरोंचे मदत-पॅकेज घ्यावे लागले. स्पेनच्या बँकाही संकटात आल्यावर, जून २०१२ च्या शिखर बैठकीत युरो देशांच्या नेत्यांनी हे दुष्टचक्र तोडण्यासाठी सामाईक पर्यवेक्षणाचा निर्णय घेतला. संकट नसते तर तो झाला असता असे वाटत नाही.

२०१३ च्या नियमावलीने हे काम फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे आले. ताबा घेण्याआधी तिने १३० बँकांची पुस्तके तपासली. त्यांतल्या २५ बँकांत मिळून सुमारे २५ अब्ज युरोंचे भांडवल कमी भरले. मालमत्ता ३० अब्ज युरोंहून जास्त, किंवा देशाच्या अर्थव्यवस्थेच्या मानाने फार मोठी, किंवा देशातील पहिल्या तिघींतली, अशा बँका थेट फ्रँकफर्टच्या देखरेखीखाली येतात. प्रत्येकीसाठी निरनिराळ्या देशांतील तपासनीसांचे संयुक्त पथक असते. लहान बँकांचे रोजचे काम राष्ट्रीय अधिकारीच पाहतात. त्यांचा परवाना मात्र देणे वा काढणे फ्रँकफर्टच्याच हाती. युरो नसलेल्या देशालाही ‘निकट सहकार्य’ करून आत येता येते. बल्गेरिया आणि क्रोएशिया ऑक्टोबर २०२० मध्ये तसे आले.

खरी अडचण देखरेखीत नाही, बँक बुडाल्यावरच्या बिलात आहे. ब्रसेल्समधील सामाईक मंडळ बुडत्या बँकेची विल्हेवाट लावते. जून २०१७ मध्ये स्पेनची बँको पॉप्युलार फ्रँकफर्टने ‘बुडाली’ ठरवली आणि रातोरात ती सांतांदेर बँकेला एका युरोत विकली गेली. भागधारकांचे सर्व गेले, करदात्यांना झळ लागली नाही. त्याच महिन्यात व्हेनेतो भागातल्या दोन इटालियन बँकांवर तीच वेळ आली, पण त्यांची विल्हेवाट आपण लावण्यात व्यापक सार्वजनिक हित नाही असे मंडळाने ठरवले. मग प्रकरण इटलीच्या कायद्याखाली गेले आणि त्या दोन्हींचा चांगला हिस्सा घेणाऱ्या बँकेला इटालियन सरकारने सुमारे ४.८ अब्ज युरो रोख दिले. रोगनिदान फ्रँकफर्टचे, खर्च रोमचा.

नाशिकसारख्या सहकाराच्या जिल्ह्यात हे चित्र उलट्या बाजूने दिसते. नाशिकरोडला छापलेली नोट देशभर चालते, पण बँकांवर नजर ठेवणारे अनेक. नागरी सहकारी बँकेचा परवाना व भांडवल रिझर्व्ह बँक पाहते. नोंदणीचा संबंध राज्याच्या सहकार निबंधकांशी, आणि बँक बहुराज्यीय झाली की दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांशी. जिल्हा मध्यवर्ती बँकेची तपासणी नाबार्ड करते. याचे मूळ घटनेत आहे: बँकिंग केंद्रसूचीत, सहकारी संस्था राज्यसूचीत. १ मार्च १९६६ पासून चालत आलेले हे ‘दुहेरी नियंत्रण’ बँकिंग नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेच्या बाजूला झुकले, संपले नाही. ठेवविमा मात्र एकच. पंचवटीतल्या सहकारी बँकेचा ठेवीदार असो की राष्ट्रीयीकृत बँकेचा, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंतची हमी एकाच महामंडळाच्या निधीतून मिळते. (पतसंस्थेतल्या ठेवीला ती नाही, हे ठेवीदारांच्या अनेकदा ध्यानातच नसते.) म्हणजे इथे देखरेख वाटलेली आणि विमा एक. युरोपात देखरेख एक, पण एक लाख युरोंची हमी सर्वत्र सारखी असूनही तिचा निधी ज्याच्या-त्याच्या देशाचा.

तो निधी एकत्र करण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये मांडला आणि तो अडकून पडला. विरोधात जर्मनीच्या सहकारी व बचत बँका आघाडीवर आहेत. निफाड-दिंडोरीची द्राक्षे ज्या नेदरलँड्समध्ये उतरतात, तिथल्या राबोबँकेच्या १०६ स्थानिक सहकारी बँका २०१६ मध्ये एका परवान्याखाली विलीन झाल्या आणि तो मोठा समूह थेट फ्रँकफर्टच्या नजरेखाली आहे. जर्मन सहकारी बँका वेगवेगळ्याच राहिल्या. बहुतेक लहान असल्याने त्यांची देखरेख राष्ट्रीय अधिकाऱ्यांकडे आहे. एकमेकींना सावरण्यासाठी त्यांनी स्वतःचा संरक्षण निधी पूर्वीच उभारलेला आहे. आपल्या सभासदांनी जमवलेला पैसा दुसऱ्या देशातल्या बँकेच्या ठेवीदारांसाठी का जावा, असे त्या विचारतात.