नाचायला आलेली मुलगी

21 नोव्हेंबर 1934, बुधवारची रात्र. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांची स्पर्धा होती. तिथला प्रेक्षक भारी खट. आवडलं तर डोक्यावर घेणार, नाही आवडलं तर हुर्यो उडवून खाली उतरवणार. सतरा वर्षांची एक मुलगी जुन्यापान्या कपड्यांत विंगेत उभी होती. ती नाचायला आली होती. पण तिच्याआधी एडवर्ड्स भगिनी नाचून गेल्या, त्या असल्या जबरदस्त की हिचे हातपायच गळाले. माघारी फिरणं शक्य नव्हतं, म्हणून तिने गाणं म्हटलं. आईला आवडणाऱ्या कॉनी बॉसवेल या गायिकेची ढब तिच्या गळ्यात बसलेली होती, तीच कामी आली. 25 डॉलरचं पहिलं बक्षीस त्या मुलीला, पुढच्या थोर जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डला मिळालं.

हा किस्सा तिच्या प्रत्येक चरित्रात येतो आणि बहुतेकदा 'दैवाची लीला' म्हणून सोडून दिला जातो. मला त्यातला नाच महत्त्वाचा वाटतो. एलाच्या गाण्यात पुढे जे जे आलं, ते समजून घ्यायचं तर तिला मुळात नाचायचं होतं, हे विसरून चालत नाही.

तिचा जन्म 1917 चा, व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज गावचा. वाढली न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये. 1932 मध्ये आई गेली आणि सगळं विस्कटलं. शाळा सुटली, अनाथाश्रम झाला, मग हडसन गावातलं मुलींचं सुधारगृह. तिथे काळ्या मुलींना वेगळं ठेवत आणि मारहाणही होई. तिथून ती पळाली आणि हार्लेमच्या रस्त्यांवर राहू लागली. अपोलोच्या मंचावर चढली ती थेट या रस्त्यावरून. सुधारगृहाबद्दल ती जाहीरपणे कधी बोलली नाही. ते तपशील लोकांपुढे आले 1996 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर.

पुढच्याच वर्षी चिक वेबच्या बँडमध्ये तिचा शिरकाव झाला. वेब हा ड्रमवादक. मणक्याच्या क्षयाने पाठ वाकलेली, उंची बेताची, पण ड्रमपुढे बसला की भल्याभल्यांना घाम फुटे. ही गबाळी पोरगी घ्यायला तो आधी तयारच नव्हता. येल विद्यापीठातल्या एका नृत्यसमारंभात तिला गाऊन पाहू दिलं, तिथल्या पोरांनी पसंती दिली, तेव्हा कुठे नोकरी पक्की झाली.

वेबच्या बँडचं घर म्हणजे लेनॉक्स अव्हेन्यूवरचा सॅव्हॉय बॉलरूम. 1926 मध्ये उघडलेला हा हॉल रस्त्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पसरलेला होता. दोन मंच, खाली लाकडी फरशी, आणि काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. इथे बँडची परीक्षा कान घेत नसत, पाय घेत. लय जरा ढिली पडली की नाचणारे थांबत. 1937 च्या मे महिन्यात बेनी गुडमनचा देशभर गाजलेला बँड इथे वेबशी सामना करायला आला आणि हरून गेला. गुडमनचा ड्रमवादक जीन क्रूपा याने स्वतःच ते मोकळेपणाने मान्य केलं. अशा मंचावर एला रात्रीमागून रात्री गात होती. शब्द ठोक्याच्या किंचित मागे टाकायचा की नेमका त्यावर, हे तिला कुणा गुरूने नव्हे, समोरच्या शेकडो पायांनी शिकवलं.

1938 मध्ये तिने 'अ-टिस्केट, अ-टास्केट' हे लहान मुलांचं बडबडगीत संगीत-संयोजक अल फेल्डमनच्या मदतीने नव्याने घडवून ध्वनिमुद्रित केलं आणि ते घराघरांत पोचलं. पुढच्या वर्षी वेब गेला. बँड एलाच्या नावाने चालू राहिला खरा, पण 1942 मध्ये तोही संपला.

मोठ्या बँडांचा काळच उतरणीला लागला होता. युद्धामुळे वादक सैन्यात गेले. 1942 च्या ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. गायक त्या संघटनेत नव्हते, त्यामुळे कंपन्यांनी मागे नुसता गायकवृंद उभा करून त्यांच्याच तबकड्या काढल्या. आधी गायिका म्हणजे बँडपुढच्या खुर्चीत बसून आपल्या पाळीची वाट पाहणारी मुलगी. आता नाव तिचं आणि बँड तिच्या मागे, असं उलटं झालं.

त्याच सुमारास ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि मंडळींनी बीबॉप नावाची जॅझची वेगवान, अवघड शैली काढली. स्विंग या नाचाच्या जॅझमधले कित्येक गायक तिथे गारठले. एला गिलेस्पीबरोबर दौऱ्यावर गेली आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोन जे करतात ते गळ्याने करू लागली. निरर्थक अक्षरांवर ताना घेण्याची ही 'स्कॅट'ची रीत ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगने 1926 मध्येच लोकप्रिय केली होती. एलाने ती पूर्ण वाद्याच्या तोडीला नेली. आपल्या कानांना तराणा आठवेल, पण फरक आहे: तराण्याचे बोल ठरलेले असतात, एलाची अक्षरं त्या क्षणी सुचतात.

आणि तरीही तिच्या तबकड्या काढणारी डेक्का कंपनी तिच्याकडून फुटकळ गमतीची गाणी बरीच गाऊन घेत होती. हे बदललं नॉर्मन ग्रँझमुळे. ग्रँझ कार्यक्रमांचा आयोजक, हट्टी माणूस. काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवलं तर कार्यक्रम नाही, ही त्याची अट. 1955 मध्ये ह्यूस्टनला त्याच्या कार्यक्रमात पोलीस एलाच्या खोलीत घुसले. काही वादक फासे खेळत होते, एला खात बसली होती. सगळ्यांना जुगाराच्या आरोपाखाली नेलं. चौकीत एका पोलिसाने तिची सही मागितली, असं तिने नंतर सांगितलं.

1956 मध्ये ग्रँझने व्हर्व्ह ही तबकड्यांची कंपनी काढली आणि सुरुवातीलाच एलाकडून गीतकार-संगीतकार कोल पोर्टरची 32 गाणी गाऊन घेतली. एका रचनाकाराला एक संच, ही कल्पना नवी नव्हती; ली वायली या गायिकेने 1939 मध्येच तसं केलं होतं. एलानेही 1950 मध्ये संगीतकार जॉर्ज गर्शविनची गाणी नुसत्या पियानोवर गायली होती. पण आता जास्त वेळ चालणारी लाँग प्ले तबकडी आली होती. जुन्या तबकडीची तीन मिनिटांची घाई संपली. ही गाणी मूळची ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यवस्तीतल्या संगीत नाटकांतली. नृत्यबँड त्यांचा प्रास्ताविक भाग कापून थेट मुखड्यावर येत. एलाने अनेक गाण्यांत तो परत आणला. नाटकं विस्मरणात गेली, गाणी उरली. नाट्यपदांवर पोसलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

1964 पर्यंत असे आठ संच झाले. रॉजर्स-हार्ट, अर्विंग बर्लिन, अर्लेन, कर्न हे रचनाकार होतेच. बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या संचात तर एलिंग्टन स्वतः वाजवायला बसला. शेवटचा जॉनी मर्सरचा, आणि तो एकटाच गीतकार म्हणून निवडलेला. 1959 चा गर्शविन संच पाच तबकड्यांचा, नेल्सन रिडलच्या वाद्यमेळासह. आपली गाणी इतकी चांगली आहेत हे एलाने गायल्यावर कळलं, अशा अर्थाचं जॉर्जच्या भावाने, गीतकार आयरा गर्शविनने म्हणून ठेवलं आहे. पिढ्यान्पिढ्या गायल्या जाणाऱ्या ज्या गाण्यांना आज आपण 'स्टँडर्ड' म्हणतो त्यांची यादी बरीचशी या आठ संचांतून पक्की झाली. 1959 मध्ये ग्रॅमी हे ध्वनिमुद्रणांसाठीचे पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले, तेव्हा बर्लिन आणि एलिंग्टनच्या संचांसाठी तिला दोन मिळाले.

तिच्यावर एक आक्षेप कायम घेतला जातो: तिची समकालीन गायिका बिली हॉलिडे हिच्या स्वरातली जखम हिच्यात नाही, हिचं सगळं फार स्वच्छ, फार आनंदी. रॉजर्स-हार्टच्या काही संथ गाण्यांपुरतं मलाही ते पटतं. कडू ओळही ती गोड करून टाकते. पण हा आनंद सुखवस्तू नाही. सुधारगृहातून पळालेल्या मुलीने तो सॅव्हॉयच्या फरशीवर मिळवला आहे.

13 फेब्रुवारी 1960, जर्मनीतलं बर्लिन शहर. मोठा हॉल, हजारो श्रोते. एला 'मॅक द नाइफ' गायला घेते, आणि अर्ध्यावर शब्द विसरते. थांबत नाही. शब्द विसरल्याची कबुलीच यमकात बसवते, हे गाणं आधी गायलेल्या आर्मस्ट्राँगचं आणि बॉबी डॅरिनचं नाव घेते, आपण गाण्याचा सत्यानाश करतोय असंही गाऊन टाकते, मध्येच आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढते. ठोका जिथल्या तिथे. ग्रँझने ही चूक तबकडीतून काढली नाही, आणि पुढच्या वर्षी तिला आणखी दोन ग्रॅमी मिळाले ते याच रात्रीच्या गाण्यासाठी.