लंडनमधलं मेक्सिकन जेवण: निघण्याआधी एवढं वाचा

आमच्या इंग्लंड सहलीची शेवटची संध्याकाळ आम्ही लंडनमधल्या एका मेक्सिकन रेस्टॉरंटसाठी राखून ठेवतो. कार्यक्रमपत्रिकेत ही ओळ दिसली की ऑफिसात फोन सुरू होतात. "लंडनला जाऊन मेक्सिकन कशाला?" हा पहिला प्रश्न. आणि "तिथे आम्हाला खाण्यासारखं काय असेल?" हा दुसरा. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावं म्हणून हे माहितीपत्रक.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे मॉलमध्ये मिळतं ते चीज ओतलेले नाचो म्हणजे मेक्सिकन जेवण नव्हे, आणि युरोपात गेल्या दहा-बारा वर्षांत काही शेफ मंडळींनी हे पानात वाढून दाखवलं आहे. माद्रिदच्या 'पुंतो एमएक्स'ला २०१४ च्या अखेरीस मिशेलिनचा (रेस्टॉरंटांची पारख करणाऱ्या नावाजलेल्या मार्गदर्शिकेचा) तारा मिळाला. युरोपातल्या मेक्सिकन रेस्टॉरंटला मिळालेला तो पहिलाच. ते आता बंद झालं. लंडनमध्ये आमची पहिली पसंती असते मेरिलबोन भागातल्या सेमूर स्ट्रीटवरच्या 'कोल'ला. सान्तिआगो लास्त्रा या मेक्सिकन शेफने ते ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे कोरोनाच्या ऐन धामधुमीत उघडलं आणि २०२२ मध्ये त्यालाही तारा मिळाला. तिथे टेबल मिळालं नाही, तर त्याच शेफचं २०२४ मध्ये सुरू झालेलं 'फोंडा' आहे. नाव वाचून गोव्यातल्या फोंड्याची आठवण येते खरी, पण मेक्सिकोत फोंडा म्हणजे घरगुती खाणावळ.

'कोल' म्हणजे कोबी. स्पॅनिशमध्ये कोबीला 'कोल' म्हणतात. आपला 'कोबी' पोर्तुगीजांकडून आला असं सांगतात, म्हणजे दोघे लांबचे भाऊच. मेक्सिकन रेस्टॉरंटला कोबीचं नाव का, याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. मका, मिरच्या, कोको असे मोजके जिन्नस मेक्सिकोहून येतात. बाकी सगळं ब्रिटनच्या मातीतलं आणि समुद्रातलं. अव्होकाडो नाही, लिंबूसुद्धा नाही. आंबटपणासाठी सी बकथॉर्नसारखी स्थानिक फळं वापरतात. लडाखला जाऊन 'लेह बेरी'चा रस प्यायलेल्यांना ती चव लगेच ओळखू येईल. तेव्हा कृपा करून ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी) मागू नका, आणि लिंबाची फोडही.

आता मक्याबद्दल, कारण सगळं जेवण त्याच्यावर उभं आहे. मेक्सिकोत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, हो, आपल्या पानाच्या डब्यातल्याच चुन्याच्या. मग रात्रभर त्याच पाण्यात मुरू देतात. सकाळी धुतले की साल सुटते. हे दाणे पूर्वी 'मेताते' नावाच्या दगडावर वाटत; आपला पाटा-वरवंटाच, फक्त त्याला पाय असतात. या खटाटोपाचा फायदा नुसता चवीपुरता नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला मिळत नाही, ते चुन्यामुळे मोकळं होतं. युरोपने मेक्सिकोचा मका नेला, पण चुन्याची युक्ती नेली नाही. परिणामी स्पेन आणि उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा त्वचेचा आणि पुढे मेंदूपर्यंत जाणारा आजार जडला. स्पेनमधल्या अस्तुरियास भागातला त्याचा वैद्यकीय तपशील १७३५ पासूनचा आहे.

वाटलेल्या मक्याच्या या पिठाच्या गोळ्याला 'मासा' म्हणतात. वेटरच्या तोंडून 'मासा' ऐकून दरवेळी आमच्या शाकाहारी मंडळींच्या भुवया वर जातात. दचकू नका, तो पाण्यातला मासा नव्हे. त्याच गोळ्याची थापून-दाबून तव्यावर भाजलेली भाकरी म्हणजे तोर्तिया (आपण टॉर्टिला म्हणतो ती). चांगली जमली तर आपल्या भाकरीसारखीच टम्म फुगते. ताको, म्हणजे सारण घालून दुमडलेली तोर्तिया, समोर आला की आधी तोर्तियाचा नुसता वास घ्या. मग हाताने उचला आणि खा. रेस्टॉरंट कितीही उंची असो, ताको काट्या-सुरीने कापणारा माणूस तिथे परका दिसतो. उलट तामालचं: मक्याच्या पिठाचा हा उंडा मक्याच्या कणसाच्या पानात किंवा केळीच्या पानात उकडलेला असतो. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाताना पान सोडतो ना, तसंच.

"तिखट झेपेल का?" असं विचारणाऱ्यांना आम्ही उलट विचारतो, ब्याडगी आणि लवंगी एकच का? मिरची मूळची तिकडचीच, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, आणि मेक्सिकन स्वयंपाकी ती आपल्यासारखीच पारखून घेतात. पोब्लानो वाळवली की आंचो होते, तिची चव मनुकांसारखी गोडसर. पिकलेला हालापेन्यो धुरावर वाळवला की चिपोत्ले. रंगाला एक, वासाला दुसरी, झणझणीतपणाला तिसरी. फक्त हाबानेरो हे नाव ऐकलं तर जपून, ती लवंगीच्याही वरची. 'मोले' हा दाट, काळपट रस्सा मिळाला तर तो सावकाश खा. त्यात वीसेक जिन्नस सहज असतात: भाजलेल्या मिरच्या, तीळ, सुकामेवा, मसाले, कधी कोको. गोडा मसाला घरी करणाऱ्या बायकांना त्यातले निम्मे जिन्नस जिभेवरच ओळखू येतात, हा आमचा अनुभव.

शाकाहारी मंडळींनी पुढचा भाग दोनदा वाचावा. मेक्सिकन स्वयंपाकात मांस डोळ्यांना दिसत नाही अशा ठिकाणीही असतं. घोटलेला राजमा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. तामालच्या पिठातही ती फेटून घालतात. मोले आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. गोड पदार्थांत कधी जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन असतं, चीजमध्ये कधी दूध फाडायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट. लाल रंग कधी कोचिनीलचा, म्हणजे निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढलेला. आणि मेस्काल या मद्याबरोबर संत्र्याच्या फोडीवर भुरभुरलेलं लालसर मीठ येतं, ते पुष्कळदा घायपातावरच्या अळ्या भाजून, कुटून केलेलं असतं. "मीठच तर आहे" म्हणून चाखू नका.

हे सगळं आम्ही ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात आमच्या एका काकूंनी राजम्याची वाटी चाटूनपुसून संपवली, आणि मग कळलं. चूक त्या रेस्टॉरंटची नव्हती, आम्ही विचारलंच नव्हतं. काकूंनी आम्हाला माफ केलं. काकांनी अजून केलेलं नाही. तेव्हापासून प्रत्येकाच्या आहाराची यादी आम्ही टेबल राखतानाच लेखी कळवतो. अशा ठिकाणी स्वयंपाकाची आखणी आधीच झालेली असते, ऐनवेळी सांगून काही बदलत नाही. ब्रिटनमध्ये चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणं कायद्यानेच बंधनकारक आहे, शेंगदाणे, तीळ, दूध, गहू हे सगळे त्यात येतात. त्यामुळे विचारायला लाजू नका. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र आम्ही प्रामाणिकपणे सांगतो: या जेवणाचा आग्रह धरू नये. त्यांची त्या रात्रीची सोय आम्ही वेगळी करतो.

एकामागून एक लहान ताटल्या येतात, अडीच-तीन तास जातात. पहिल्या दोन ताटल्या बघून "एवढंच?" असं वाटतं, सहावीला पट्टा सैल करावा लागतो. पिशवीतला चिवडा तोपर्यंत पिशवीतच राहू द्या. जूनमध्ये लंडनला नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे आठला बसलो तरी जेवण उशिरा झाल्यासारखं वाटत नाही. मधुमेह असलेल्यांनी गोळीच्या वेळा सहलप्रमुखाला आधी सांगून ठेवाव्यात.

मद्य घेणारे असाल तर मेस्काल चाखून बघा. शेताच्या बांधावरच्या आपल्या घायपाताच्या जातीतली ही झाडं. त्यांचा गड्डा तयार व्हायला सहा-आठ वर्षं लागतात, मग तो जमिनीतल्या भट्टीत तापलेल्या दगडांवर भाजतात, म्हणून पेयाला धुराचा वास. टकीला ही त्याचीच एक शाखा. एका घोटात रिचवायचं नसतं, ओठ ओले करत बसायचं. न घेणाऱ्यांनी 'हामाइका' आहे का विचारावं; लाल आंबाडीच्या बोंडांचं ते सरबत असतं.

पैशांचं: जेवण आणि बिलात लावलं जाणारं सेवाशुल्क आमच्या सहलीच्या दरात धरलेलं आहे, वेगळी बक्षिसी ठेवायची गरज नाही. मद्य आणि इतर पेयं ज्याची त्याने द्यायची. बाटलीचं पाणी नको असेल तर नळाचं मागा. इंग्लंडमध्ये मद्यपरवाना असलेल्या जागेला ते फुकट द्यावंच लागतं, आणि ते पिण्याजोगं असतं. टेबल राखताना भरलेली रक्कम शेवटच्या दिवसांत परत मिळत नाही, त्यामुळे यायचं नसेल तर वेळेत सांगा.

मागच्या पानावर आहाराचा तक्ता आहे. तो भरून निघण्याआधी तीन आठवडे आमच्याकडे पोचू द्या. नुसतं 'शाकाहारी' लिहू नका; अंडं, मध, मशरूम, चीज यांचं वेगवेगळं लिहा. "अंडं चालतं, पण दिसायला नको" असं लिहिलंत तरी चालेल, आम्हाला समजतं.