मद्यपान, आनुवंशिकता आणि आपला हार्मोन अहवाल

मद्यव्यसनावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा हार्मोन अहवाल हाती आला, की घरची माणसे आमच्या म्हापशाच्या प्रयोगशाळेत हमखास विचारतात, ‘हे दारूमुळे झाले, की आमच्या घराण्यातच आहे?’ बहुतेक वेळा दोन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली असतात.

मद्यव्यसन जडण्याची शक्यता माणसागणिक वेगळी असते आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार या फरकातील सुमारे ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. तो एकाच जनुकाचा नसून अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांची ती बेरीज असते. त्यांपैकी एफकेबीपी५ हे जनुक कॉर्टिसोल या ताणाच्या वेळी वाढणाऱ्या हार्मोनच्या ग्राहीची (पेशीत हार्मोन ज्याला जुळते त्या प्रथिनाची) संवेदनशीलता ठरविण्यात भाग घेते. त्यातील भेदांमुळे ताण ओसरल्यावर कॉर्टिसोल किती लवकर खाली येते, यात सख्ख्या भावांमध्येही फरक पडू शकतो. असे असले, तरी जनुकचाचणीवरून कोणाचे व्यसन वर्तविता येत नाही, म्हणून तशी चाचणी आम्ही ठेवलेली नाही.

दीर्घकाळच्या अतिमद्यपानाने कॉर्टिसोल मुळातच वाढलेले राहते. कधी चेहरा गोल होतो, रक्तदाब चढतो आणि कुशिंग विकाराचा, म्हणजे कॉर्टिसोलच्या अतिरेकाने होणाऱ्या आजाराचा, संशय येतो. मद्य सुटल्यावर हे चित्र बहुधा काही आठवड्यांत पालटते. टेस्टोस्टेरॉन या पुरुष हार्मोनचे प्रकरण अधिक फसवे आहे. यकृत बिघडले, की या हार्मोनला बांधून ठेवणारे प्रथिन रक्तात वाढते आणि एकूण आकडा ठीक दिसूनही शरीराला मोकळे मिळणारे टेस्टोस्टेरॉन कमी पडते.

कॉर्टिसोल सकाळी सर्वाधिक असते व दिवसभर उतरत जाते, त्यामुळे त्याचा नमुना आम्ही ८ च्या सुमारास घेतो. पेडणे वा सत्तरीहून येणाऱ्यांना उशीर झाल्यास नळीवरील चिठ्ठीवर प्रत्यक्ष वेळ लिहून घ्यावी. अर्जातील ‘शेवटचे मद्यपान कधी केले?’ हा रकाना, शेजारी मुलगा किंवा सून उभी असल्याने, अनेकदा कोराच राहतो. आपण ते परिचारिकेला एकांतात सांगू शकता. हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हंगामी दारूही, त्यात मोजावी. ती दारू नव्हे, ही समजूत आम्ही दर उन्हाळ्यात ऐकतो.

चाचणीसाठी म्हणून रोजचे मद्य एकाएकी बंद मात्र करू नये, कारण त्यातून आकडीचे झटके येऊ शकतात व भ्रमावस्था होऊ शकते. आधी आपल्या डॉक्टरांना किंवा बांबोळी येथील आयपीएचबी या मनोरुग्णालयात विचारावे. नमुन्याची तारीख आम्ही त्यानुसार पुढे ढकलू.