२५२० ही एकमेव संख्या नव्हे

१ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही जगातील एकमेव संख्या आहे आणि हे रामानुजन यांनी शोधून काढलेले गूढ आहे, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. यातील ‘एकमेव’ हा शब्दच चुकीचा आहे, कारण ५०४०, ७५६० अशा २५२० च्या प्रत्येक पटीला हाच गुणधर्म लागू पडतो. २५२० ही त्यांतील सर्वांत लहान धन संख्या, म्हणजेच १ ते १० यांचा लसावि. आठसाठी तीन वेळा २, नऊसाठी दोन वेळा ३ आणि त्यांच्या जोडीला ५ व ७ घेतले की ८ × ९ × ५ × ७ हा गुणाकार २५२० येतो. ६ आणि १० त्यात आपोआप सामावतात. हीच रीत २० पर्यंत नेली, तर २३,२७,९२,५६० मिळते.

रामानुजन यांचे खरे काम याहून कितीतरी खोल आहे. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांना अधिक विभाजक असतात, अशा संख्यांचा त्यांनी १९१५ मधील शोधनिबंधात सखोल अभ्यास केला. ४८ विभाजक असलेली २५२० ही त्यांपैकीच एक.