शुद्धीत राहायचंय

आजार आता बरा होणार नाही हे कळल्यावर माणसाला काय हवं असतं? विचाराल त्याचं उत्तर तयार असतं: वेदना नकोत, आणि मरण घरी यावं. यातलं पहिलं अगदी खरं. दुसऱ्याची मात्र इतकी खात्री धरू नये.

अमेरिकेतल्या कॅरन स्टाइनहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. गंभीर आजारी रुग्ण, जवळचं माणूस गेलेले नातेवाईक, डॉक्टर आणि नर्ससारखे इतर कर्मचारी अशा चौघांनाही तेच प्रश्न विचारले होते. नऊ गोष्टींची क्रमवारी लावताना रुग्णांनी वेदनामुक्ती सगळ्यात वर ठेवली, देवाशी समेट जवळजवळ तिच्या बरोबरीने. घरी मरण येणं गेलं तळाला! (हे रुग्ण माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतले होते, म्हणून हाच क्रम सगळ्या जगाला लावू नये.)

वेदना नकोत यावर चौघांचंही एकमत होतं. खरी फारकत झाली ती शुद्धीवरून. मन जागं राहावं हे ९२ टक्के रुग्णांना महत्त्वाचं वाटलं. डॉक्टरांपैकी ६५ टक्क्यांनाच. शांत झोपलेला पेशंट दिसला की डॉक्टरला हायसं वाटतं. पेशंटला मात्र चार वाजता भेटायला येणाऱ्या मुलीशी बोलायचं असतं. वेदना शमवणाऱ्या मॉर्फिन या औषधाने सुरुवातीला येणारी गुंगी बऱ्याचदा काही दिवसांत ओसरते, डोसही कमी-जास्त करता येतो. पण थोडं दुखलं तर चालेल का, हे त्याला कुणीतरी विचारायला हवं.

इतरांच्या उपयोगी पडावं असं ८८ टक्के रुग्णांना वाटत होतं, डॉक्टरांमध्ये हा आकडा ४४. खाटेवरून उठता न येणारा माणूस कुणाच्या काय उपयोगी पडणार? बँकेचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते बायकोला सांगेल, शेजारच्या खाटेवर नव्याने आलेल्याला धीर देईल.

आणि घरच्यांवर भार नको, हे ८९ टक्के रुग्णांचं म्हणणं. घर तळाला जाण्याचं एक कारण इथे असावं, असं मला वाटतं. घरी नेलं तर रात्री दोन वाजता कूस बदलायला बायकोलाच उठवावं लागणार, हे घरच्यांच्या आधी त्याच्या ध्यानात आलेलं असतं.