आयआर पेशंटची तयारी आणि इनचार्ज सिस्टर

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी, बोलताना आयआर, म्हणजे मोठी चिरफाड न करता सोनोग्राफी, सीटी किंवा एक्सरेच्या पडद्यावर बघत सुई, तार आणि बारीक नळीने केलेला इलाज. पेशंटला त्या टेबलापर्यंत नीट पोचवायची जबाबदारी वॉर्डच्या नाहीतर कॅथलॅबच्या (जिथे ही नळीची कामं होतात ती खोली) इनचार्ज सिस्टरांची. नळी घालतात डॉक्टर, पण केस लागणार की पुढे ढकलली जाणार हे बरंचसं आदल्या संध्याकाळी सिस्टरांनी काय आणि कसं विचारलं त्यावर ठरतं.

तारेवरून नळी सरकवायची पद्धत डॉ. सेल्डिंगर यांची, 1953 ची, आणि 16 जानेवारी 1964 ला अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने 82 वर्षांच्या बाईंच्या पायातली अरुंद धमनी नळीनेच मोकळी केली, तिथून हा विषय सुरू झाला.

इंदुरात मराठी पेशंटच्या बाबतीत पहिला घोळ होतो तो शब्दाचा. सिस्टर सांगतात उपाशी राहा, रामबागेतल्या आजी ऐकतात उपास, आणि सकाळी तूप-दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन, चतुर्थी असली तर खजराना गणपतीला हात जोडून, समाधानाने हजर होतात. भूल किंवा झोपेचं इंजेक्शन द्यायचं असेल तर हलकं खाणं 6 तास आधी बंद, तळकट-तुपकट असेल तर 8, आणि खिचडी दुसऱ्यातच धरायची. पोहे सोडले पण कट चहा घेतला, हेही चालत नाही, दुधाचा चहा म्हणजे 6 तासच. मग कोणी वैतागून निर्जळी म्हणून सांगितलं की आजी बीपीची गोळीही घेत नाहीत आणि टेबलावर बीपी 190, केस थांबली. खरं तर साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं, गोळी घोटभर पाण्याबरोबर. म्हणून जाणत्या सिस्टर "काय खाऊ नका" एवढं सांगून थांबत नाहीत, "शेवटचं काय खाल्लं, किती वाजता" विचारून ते फाईलवर लिहितात.

दुसरं गोळ्यांचं. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का" म्हटलं की नाही येतं, कारण घरात ती हार्टची गोळी असते, एस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये. तेव्हा विचारायचं नाही, पिशवी उलटी करून पत्ते बघायचे. किडनीत किंवा पित्तनलिकेत नळी घालण्यासारख्या जास्त रक्तस्रावाच्या कामाला क्लोपिडोग्रेल साधारण 5 दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट असलेल्याची गोळी कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय कोणीच बंद करायची नाही. अशा कामांना 2019 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) जास्तीत जास्त 1.5 ते 1.8 आणि प्लेटलेट 50,000 च्या वर लागतात. शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिन लपलेलं असतं, किडनी कमजोर असेल तर कॉन्ट्रास्टनंतर (पडद्यावर नसा दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) ते 48 तास बंद ठेवून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, परत बघतात.

बाकी रुटीन: क्रिएटिनिन, ॲलर्जी, बायकांना पाळीची तारीख, कवळी-दागिने काढणं, 18 किंवा 20 नंबरची सुई, आणि फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी जोडलेल्या नसेच्या) हाताला ना सुई ना बीपीचा पट्टा. संमतीपत्र समजावायचं काम डॉक्टरचं, सिस्टर फक्त बघतात की पेशंटला खरंच कळलंय, नुसता अंगठा नाही झालेला. धार-खरगोनहून पहाटेची बस पकडून आलेला डायबेटिक पेशंट लिस्टमध्ये वर घ्यायला लावणं हेही त्यांचंच, आणि त्यावरून रोज थोडी वादावादी होतेच.

जांघेतून नळी जाणार असेल तर दोन्ही पावलांवर नाडी लागते तिथे पेनाने फुली. छोटी गोष्ट वाटते, पण काम झाल्यावर पाय गार पडला की सिस्टर त्याच फुलीवर बोट ठेवतात आणि आधीशी ताडून बघतात. नंतर 4 ते 6 तास पाय सरळ, आणि पोह्यांची फर्माईश झालीच तर डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, डोकं जरासंच उचलून.